बोल आणि घुमारा

गुहेत शिरल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून, मी एक टाळी वाजवली. ही वडिलांची सवय. गिरगावातल्या एका भजनी मंडळात ते पखवाज वाजवत. नव्या देवळात किंवा कार्यालयात पाऊल टाकलं की वाद्याची खोळ सोडण्याआधी ते एक कोरडी, सपाट टाळी देत आणि मान तिरकी करून उभे राहत. ती टाळी किती वेळ जागेत रेंगाळते, त्यावरून डाव्या तोंडाला कणीक किती लावायची आणि हात किती मोकळा सोडायचा हे ठरे. मी वाजवत नाही, ऐकते. पण टाळीची सवय राहिली. इथली टाळी मी मनात मोजली तर साडेतीन सेकंद तरी ती विरली नाही. बोगद्याच्या आतल्या टोकापर्यंत गेली, पिंपांवरून घरंगळत परत आली आणि मग कुठेतरी मातीत मुरल्यासारखी नाहीशी झाली. साडेतीन सेकंद म्हणजे तालवाद्याच्या दृष्टीने फार मोठा काळ. आज पंचाईत आहे, असं मी भाचीला म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, अजून सुरू तर होऊ दे."

ही हकीकत गेल्या नोव्हेंबरातली. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात द्राक्षतोडणी उरकली होती, वेलींची पानं तांबडी झाली होती आणि एका वाइनरीने आपल्या डोंगरपोटातल्या गुहेत तिघा तालवादकांचा कार्यक्रम ठेवला होता. भाची दीड तासावर राहते. तिने आधीच तिकिटं काढून ठेवली होती. वाइनरीचं आणि वादकांचं नाव मी इथे देत नाही. काही कडक बोलायचं आहे म्हणून, आणि ज्या गोष्टींविषयी बोलायचं आहे त्या एकट्या त्या जागेच्या नाहीत म्हणूनही.

ज्यांनी अशी गुहा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं वर्णन. नापाचे डोंगर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचे आहेत. हा दगड खोदायला तुलनेने सोपा आणि खोदल्यावर उभा राहणारा. आत वर्षभर चौदा-पंधरा अंश तापमान राहतं, हवा ओलसर असते, त्यामुळे पिंपातली वाइन फारशी उडून जात नाही. म्हणजे वाइनला जे मानवतं ते सगळं गुहेत फुकट मिळतं. हल्लीच्या गुहा यंत्राने पोखरतात आणि भिंतींवर सिमेंटचा गिलावा फवारतात. आम्ही बसलो होतो तो भाग असाच नवा, गुळगुळीत, कमानदार होता. दोन्ही बाजूंना ओकची पिंपं दोन-दोन थरांत आडवी रचलेली. वादकांच्या पाठीमागे मात्र गुहा अरुंद होत जुन्या भागात शिरत होती आणि तिथल्या भिंतींवर कुदळीचे घाव उघडे दिसत होते. खुर्च्या नव्वदेक. प्रत्येकाच्या हातात तिकिटासोबत आलेला एकेक ग्लास. (तालवाद्याच्या मैफलीला श्रोत्यांच्या हाती काच देणं ही कल्पना कुणाची, ते मला विचारायचं राहून गेलं. कार्यक्रमभर कुठे ना कुठे एखादी किणकिण व्हायची आणि गुहा तिलाही तितक्याच आदराने साडेतीन सेकंद सांभाळायची.)

पहिली रचना स्टीव्ह राइश यांची १९७२ सालची ‘क्लॅपिंग म्यूझिक’. वाद्य काहीच नाही, दोन माणसांचे चार हात. बारा मात्रांचा एक आकृतिबंध आहे, त्यात आठ टाळ्या आणि चार रिकाम्या जागा. दोघंही तो एकत्र वाजवू लागतात. एकजण शेवटपर्यंत तोच धरून ठेवतो, दुसरा काही आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकतो, मग आणखी एक, असं करत बारा टप्प्यांनी पुन्हा पहिल्याला येऊन मिळतो. राइश १९७० साली घानाला ढोलवादन शिकायला गेले होते, हे ही रचना ऐकताना आठवतंच. पण आपल्याकडचा श्रोता तिला चटकन आपली म्हणतो ते वेगळ्या कारणाने. समेचं ठिकाण तेच ठेवून बोलांची जागा सरकवण्याचा खेळ आपल्या तबलजींनी आणि मृदंगवादकांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. शेवटी दोघं एकत्र आले की आपला हात नकळत मांडीवर पडतो.

त्या रात्री माझा हात पडला नाही. दोष वादकांचा नव्हता, ते चोख होते. पण ही रचना आठ टाळ्यांची नाही, चार रिकाम्या जागांची आहे. टाळीच्या शेजारी शांतता असते म्हणून आकृती दिसते, जशी रांगोळीत ठिपक्यांच्या मधली जमीन दिसावी लागते. या गतीत एका मात्रेच्या वाट्याला सेकंदाचा पाचवा हिस्साही येत नाही आणि गुहा तर प्रत्येक टाळी साडेतीन सेकंद जपून ठेवत होती. म्हणजे कुठल्याही क्षणी मागच्या पंधरावीस टाळ्या हवेत होत्याच. रिकाम्या जागा पहिल्या चार सेकंदांतच भरून गेल्या. नंतर जे उरलं ते पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखं होतं. पाऊस वाईट नसतो. पण दोन माणसं एकमेकांपासून दूर जाऊन परत येतात, ही गोष्ट त्यात कुठे ऐकू येणार? ती आम्ही हात बघून समजून घेतली. समोरच्या रांगेत टाळ्यांचा कडकडाट झाला. तोही अर्थात पावसासारखाच.

सभागृहात आवाज किती वेळ रेंगाळतो हे मोजण्याचं शास्त्र जुनं नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानासाठी एक खोली बांधली आणि तिथे वक्त्याचा एक शब्द कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. रात्री सगळं सामसूम झाल्यावर हा गृहस्थ शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या उशा वाहून आणायचा, खोलीत मांडायचा आणि ऑर्गनची एक नळी वाजवून घड्याळ लावायचा. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद टिकत होता. उशा वाढतील तसा तो कमी होत गेला. माणूस, कापड, उघडी खिडकी आवाज खातात. दगड, काच, गिलावा खात नाहीत. वाइनरीच्या गुहेत दगड, गिलावा आणि काच याखेरीज काय असतं? पिंपांचे गोल फुगीर पोट आवाज इकडेतिकडे विखुरतात, थोडा मऊ करतात, पण गिळत नाहीत. आम्ही नव्वद माणसं काय ती त्या जागेतली उशी. माझ्या अंगावर एक शाल होती, तेवढी माझी भर.

हे सगळं सांगण्याचं कारण, तालवाद्य आणि जागा यांचं नातं आपल्याकडे फार मुरलेलं आहे आणि आपण ते गृहीत धरतो. केरळातला चेंडा उघड्या आभाळाखाली वाजण्यासाठी घडलेला आहे. त्रिशूरच्या पूरममध्ये वडक्कुंनाथनाच्या आवारात इलंजितरा मेळम होतो तेव्हा दोनशेहून अधिक वादक एकत्र असतात, आणि तरीही चेंड्याचा प्रत्येक घाव सुटा ऐकू येतो. आभाळ आवाज परत पाठवत नाही म्हणून ते शक्य होतं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाची पथकं वाजतात, तिथे उंच इमारतींच्या भिंती हेच अर्धं वाद्य असतं. तेच पथक मैदानात उभं केलं तर निम्मं पोकळ होतं. उलट तबला हे खोलीचं वाद्य. बैठकीचं, गालिच्याचं, तक्क्या-लोडांचं. समोरचा श्रोता हाताच्या अंतरावर आहे, हे धरूनच त्याचे नाजूक बोल निपजले आहेत.

आणि त्या रात्री दुसरा कार्यक्रम तबल्याचा होता.

मी याची वाट पाहत होते हे कबूल करते. नापापासून तासाभरावर मरीन परगणा आहे. तिथे सॅन रफाएलला अली अकबर खाँसाहेबांचं महाविद्यालय आहे. १९६७ साली बर्कलीत सुरू होऊन ते पुढे तिकडे गेलं. झाकीर हुसेन तरुणपणी तिथे शिकवायचे. विद्यार्थ्यांचं एक तालवाद्यवृंद त्यातून उभं राहिलं आणि १९७६ साली ‘दिगा’ नावाने त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेही सॅन फ्रान्सिस्कोतच. त्या परिसरात तबला ही आता परदेशी वस्तू राहिलेली नाही. तिघांपैकी जो तबल्यावर बसला तो चाळिशीतला गोरा अमेरिकन, पण बसण्याची ढब, हातोडीने गजऱ्यावर ठोकून मेळ घेणं, समोर कोणी जाणकार असेल तर त्याच्याकडे एक नजर टाकणं, सगळं तालमीतलं होतं. लेहरा पेटीवर दुसऱ्याने धरला. तीनताल. पेशकाराने सुरुवात झाली.

पेशकार बरा गेला. संथ होता, मोकळा होता, बायाँच्या घिस्स्याने गुहेचा तळ भरून टाकला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बायाँच तेवढा ऐकू येतोय. दायाँ चढत नव्हता. आत जातानाच कळायला हवं होतं: ओलसर हवेत पुडी सैल पडते, स्वर उतरतो. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात तबलजी बल्बच्या खाली तबला ठेवतात, शालीत गुंडाळून ठेवतात, ते याचसाठी. याने अर्ध्या तासापूर्वी मिळवलेला तबला चौदा अंशांच्या दमट हवेत हळूहळू खाली सरकत होता आणि लेहऱ्याची पेटी आपल्या जागी ठाम. दोन कायद्यांच्या मध्ये त्याने दोनदा हातोडी घेतली. मग कायदा सुरू झाला आणि बोल एकमेकांत मिसळायला लागले. रेल्याला तर ‘तिरकिट’चं नुसतं गुंजन झालं. एखाद्याने दुसऱ्या खोलीत शिवणयंत्र चालवावं तसं.

टाळी बिघडली तर आकृती जाते. तबला बिघडला तर भाषा जाते. हा फरक मला त्या रात्री प्रथम इतका टोचला. आपल्याकडे तालवाद्याला अक्षरं आहेत. उत्तरेत बोल, दक्षिणेत कोन्नक्कोल. आधी तोंडाने म्हणायचं, मग हाताने वाजवायचं. कायदा म्हणजे एक वाक्य घेऊन त्याचे शब्द उलटेपालटे करणं, आणि श्रोता ते वाक्य लक्षात ठेवतो म्हणून पलट्याची गंमत येते. शब्दच कळेनासे झाले तर काय उलटं आणि काय पालटं? शेजारची मंडळी डोळे मिटून डोलत होती. त्यांना जे ऐकू येत होतं ते त्यांना सुंदर वाटत होतं, आणि ध्वनी म्हणून ते होतंही. पण एखाद्याने कविता वाचावी आणि श्रोत्यांनी आवाज छान आहे म्हणावं, अशी ती दाद होती. मला खरं सांगायचं तर थोडी लाज वाटली. आपलं पाहुण्याघरी नीट झालं नाही, अशी. ही लाज समीक्षेत बसत नाही हे मला माहीत आहे.

इथे वादकाकडे दोष जातो. जागा त्याची नव्हती, हवा त्याच्या हाती नव्हती. पण कान त्याचे होते. पेशकारानंतर त्याने लय चढवायची नव्हती. उघड्या बाजाचे, पखवाजाच्या जवळचे बोल घ्यायचे होते, बायाँवर तळवा ठेवून आवाज आवळायचा होता, एखादी गत संथ म्हणून दाखवून मग वाजवायची होती. माझे वडील कणीक कमी-जास्त करायचे ते कलाकुसर म्हणून नाही. जागा जे म्हणते त्याला उत्तर म्हणून. याने घरून ठरवून आणलेलं वाजवलं. हुशार विद्यार्थी पाठ केलेलं उत्तर लिहितो, प्रश्न थोडा वेगळा असला तरी, तसं.

झेनाकिस यांच्या १९८९ सालच्या ‘ओखो’चीही जवळजवळ हीच गत. तीन जेंबे, तीन वादक. झेनाकिस तर वास्तुशिल्पी. ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात काम केलेले, १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स मंडपाच्या वळणदार भिंती त्यांच्या. जागेचा एवढा विचार केलेल्या माणसाची रचना जागेचा विचार न करता वाजवली गेली. बकऱ्याची कातडी इथेही सैल पडली होती. दणका मात्र असा बसला की माझ्या खुर्चीचा पाय थरथरला. त्याला काही श्रोत्यांनी शिट्ट्या मारल्या. दणका मिळाला, बारकावे बुडाले, आणि मध्यंतर झालं.

मध्यंतराआधी वाइनरीच्या वतीने एका बाईंनी दोन शब्द सांगितले. नव्या भागाची लांबी, पिंपांची संख्या, वाइनचं साल. आणि जुन्या भागाकडे हात करून त्या म्हणाल्या की एकोणिसाव्या शतकात ही गुहा हातांनी खोदली गेली. खोदली गेली. मी भाषेच्या धंद्यातली असल्यामुळे कर्मणी प्रयोग ऐकला की कर्ता शोधते. वाक्यात हात होते, माणसं नव्हती.

नापातल्या त्या काळच्या गुहांविषयी जे लिहून ठेवलं आहे त्यात माणसं आहेत. १८६२ साली जेकब श्रॅम या जर्मन गृहस्थाने डोंगरावर मळा घेतला. त्याच्या गुहा खोदल्या चिनी मजुरांनी. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० मध्ये त्याच्याकडे जाऊन वाइन चाखून आला आणि त्यावर त्याने लिहिलं. १८७६ साली सुरू झालेल्या बेरिंजर बंधूंच्या गुहाही चिनी मजुरांच्याच. यातले बरेच आधी रेल्वेचे बोगदे खोदत होते. अमेरिका आरपार जोडणारी रेल्वे १८६९ साली पुरी झाली आणि त्यांचे हात मोकळे झाले. मग मळे, दगडी भिंती, तळघरं, गुहा. १८८२ साली चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदा झाला, तो उठला १९४३ मध्ये. गुहा राहिल्या. गुहेच्या नावांमध्ये मालकांची नावं राहिली.

आपणही काही वेगळं करत नाही. वेरूळचं कैलास राष्ट्रकूट कृष्णाने कोरलं, असं आपण शाळेत लिहितो. जणू राजा छिन्नी घेऊन बसला होता. मात्र कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाच्या एका सुताराचं नाव दगडावर आहे, व्यापाऱ्यांची आहेत, सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराला आपलं नाव कोरून घ्यावंसं वाटलं आणि ते कोरलं गेलं. (इथे कर्मणी प्रयोगाला माझी हरकत नाही.) त्याच चैत्यात मी कॉलेजच्या सहलीत टाळी वाजवली होती आणि आमच्या बाईंनी मला रागावलं होतं.

मध्यंतरात लोक बाहेर उन्हाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यात ग्लास भरून घ्यायला गेले. मी जुन्या भागात दोरी लावली होती तिथपर्यंत गेले. घाव तिरके आहेत, वरून खाली उजवीकडून डावीकडे, हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर. दोन-तीन ठिकाणी दिशा बदलते. तिथे डावखुरा माणूस असावा, किंवा उजवा हात दमल्यावर बदललेला असावा. या भिंतीत पूर्वी एक लय वाजलेली आहे, आणि तिलाही गुहेने घाव पडेपडेपर्यंत साडेतीन सेकंद धरून ठेवलं असेल. पण मी ते तेवढ्यावर सोडलं. मजुराच्या घामाला संगीत म्हणायला आपल्याला फार आवडतं. त्याला ते संगीत वाटलं असेल असं मानायला मला काही आधार नाही.

उत्तरार्धात सगळं बदललं.

आधी ॲल्व्हिन लुसिए यांची १९८८ सालची ट्रँगलवरची रचना. त्रिकोणी लोखंडी सळी, एक छोटी कांडी, ध्वनिवर्धक. वादक सतत वाजवत राहतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीने सळी कुठे धरतो, किती दाबतो, हे बदलत राहतो. शाळेच्या घंटेचं काम करणाऱ्या वस्तूतून कधी पाण्याच्या थेंबाचा, कधी दूरच्या गर्दीचा आवाज निघायला लागतो. गुहा पहिल्यांदाच वादकाच्या बाजूने आली. कारण इथे रेंगाळणं हाच विषय होता. मग तोरू ताकेमित्सु यांची १९८१ सालची ‘रेन ट्री’. केन्झाबुरो ओए यांच्या एका कथेतल्या झाडावरून, ज्याची इवली पानं रात्रीचा पाऊस धरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठिबकत राहतात. ती छान झाली. ती कुठेही छानच होते.

शेवटी जेम्स टेनी. १९७१ साली त्यांनी एका पोस्टकार्डावर एक रचना लिहिली, नाव असं की तालवाद्यासाठी आपण एकही सूर कधी लिहिला नाही. कार्डावर खरोखर एकच सूर आहे. तो अतिशय हळू सुरू करायचा, पार टोकापर्यंत मोठा करत न्यायचा आणि पुन्हा शांततेत आणायचा, आणि हे बराच वेळ चालवायचं. बाकी काही सांगितलेलं नाही. ही रचना जॉन बर्गामो यांच्यासाठी होती. ते स्वतः तबला शिकलेले, कॅलिफोर्नियातल्या तालवादकांच्या दोन पिढ्यांचे शिक्षक. सहसा ती मोठ्या थाळीसारख्या टॅमटॅमवर वाजवतात. इथे टॅमटॅम जुन्या भागाच्या तोंडाशी टांगला होता.

तबला वाजवणाराच दोन मऊ मुठीच्या काठ्या घेऊन उभा राहिला. सुरू केव्हा झालं ते मला सांगता येणार नाही. काठ्या हलताना दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. मग पिंपांमधून, पायाखालून, कुठून तरी एक गुणगुण होतीच, असं जाणवलं. तिला ठोका नव्हता. पुढची दहाएक मिनिटं तो आवाज वाढत गेला आणि त्यात थर दिसू लागले: खाली एक जाड घुमारा, त्यावर माणसांच्या बोलण्यासारखं काहीतरी, त्यावर चिरकणारी, काचेसारखी झिलई. कुठला थर थाळीचा आणि कुठला गुहेचा, हे ओळखता येणं थांबलं. टोकाला पोचल्यावर ग्लास हाती असलेल्या माणसांनी तो दोन्ही हातांनी धरला, कारण काच गुणगुणायला लागली होती. मला भीती वाटली. ही दाद म्हणून लिहीत नाही, खरोखर वाटली. डोंगर वर आहे, याची जाणीव त्याआधी दीड तासात एकदाही झाली नव्हती.

आणि मग उतरण. ती चढणीहून अवघड असते, कारण श्रोत्याला शेवटाची घाई असते आणि वादकाला टाळ्यांची. याने घाई केली नाही. उलट प्रत्येक थर गुहेला परत करत गेला, आणि शेवटी काठ्या थांबल्या तरी आवाज होता, आणि आम्ही सगळे तो जाईपर्यंत बसून राहिलो. साडेतीन सेकंदांहून कितीतरी जास्त. किणकिणही झाली नाही. पूर्वार्धात ज्याने गुहेकडे लक्ष दिलं नव्हतं, त्याच माणसाने आता तिच्याखेरीज कशाकडेच लक्ष दिलं नाही.

टॅमटॅम हे चिनी वाद्य. ते चिनी कुदळींच्या घावांसमोर टांगलेलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत याबद्दल अक्षर नव्हतं आणि बहुधा ते नुसतं जागेच्या सोयीने तिथे आलं असावं. मी हे जास्त ताणत नाही. पण बाईंच्या वाक्यात जो कर्ता नव्हता तो त्या वीस मिनिटांत मला सारखा आठवत होता, आणि संयोजकांनी ठरवून केलं असतं तर बहुधा आठवला नसता.

गाडीत बसण्याआधी भाचीशी माझा वाद झाला. तिचं म्हणणं, मी स्पष्टतेच्या मागे लागते. सगळं संगीत वाचता आलंच पाहिजे असं कुठे आहे. मी म्हटलं, ज्याला अक्षरं आहेत त्याची अक्षरं पुसायची आणि ज्याला नाहीत त्याची पूजा करायची, हे मला पटत नाही. टॅमटॅमला गुहा शोभली म्हणून तबल्याला ती शोभलीच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्याने तबला ऐकलाच नाही. नाशिकला द्राक्षमळ्यांत मैफली होतात त्या उघड्या ॲम्फिथिएटरमध्ये, आणि तिथे तबला निदान ऐकू तरी येतो. ती म्हणाली, "पण तू रडलीस ती टॅमटॅमला." हे खरं होतं, त्यामुळे मी गप्प बसले.

पार्किंगमध्ये तबलावादक आपली गाडी भरत होता. मी जाऊन ओळख करून दिली, वडिलांचा पखवाज सांगितला. त्याने लगेच दायाँची खोळ काढली, गाडीच्या मागच्या दाराच्या कडेवर तो टेकवला आणि किनारीवर एक ‘ना’ मारला. कोरड्या हवेत तो स्वच्छ वाजला, पण चांगलाच उतरलेला. "अर्धा स्वर," तो म्हणाला. "उद्यापर्यंत येईल वर." मग त्याने विचारलं, आत काय ऐकू आलं तुम्हाला?

मी म्हटलं, "धा."

"फक्त धा?"

"आणि तोही बायाँचाच."

तो हसला. "मलाही तेवढाच आला," म्हणाला आणि हातोडी शोधायला पिशवीत हात घातला.